पाण्याची चिप कुणाची? : विज्ञानकथेत घडणारे आरपीजी आपल्याला का धरून ठेवतात

उत्तरध्रुव

(धाग्यात बऱ्याच खेळांचे शेवट उघडे होणार आहेत. ज्यांना ते खेळायचे आहेत त्यांनी बेतानं वाचावं.)

दिवाळीत माळा आवरताना सीडींचा जुना डबा निघाला आणि त्यात 'फॉलआउट' सापडला. दोन रात्री जागून परत खेळलो. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी कॉलेजात होतो, आता मुलगी कॉलेजात जाईल. मधल्या काळात ड्रॅगन, चेटूक, तलवारी असलेले आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे संगणकावरचे खेळ) ढिगानं खेळून झाले आणि त्यातले काही मनापासून आवडले. पण डोक्यात राहून गेलेले प्रसंग मोजायला बसलो तर बहुतेक सगळे विज्ञानकथेतल्या खेळांचे निघाले. असं का होतं, हे तुमच्याशी बोलायचंय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९७ चा खेळ, इंटरप्लेचा, टिम केन यांच्या पुढाकारानं झालेला. अणुयुद्धानंतरचं कॅलिफोर्निया. काही माणसं जमिनीखालच्या व्हॉल्टमध्ये पिढ्यानपिढ्या कोंडून राहिली आहेत. व्हॉल्ट १३ मध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप बिघडते. व्हॉल्टचा प्रमुख, ओव्हरसियर, तुम्हाला बाहेर काढतो आणि सांगतो, १५० दिवसांत दुसरी चिप आण.

शोधत शोधत तुम्ही नेक्रोपोलिसला पोचता. किरणोत्सारानं कातडी झडलेले, तरी जिवंत असलेले घूल तिथे राहतात. त्यांच्या शहराखाली आणखी एक व्हॉल्ट आहे आणि तुम्हाला हवी ती चिप तिथल्या यंत्रात बसवलेली आहे. चालू आहे. ती काढली की घूलांचं पाणी बंद. गटारात लपून राहिलेले काही घूल सांगतात, वरचा जुना पंप बिघडलाय, त्याचे सुटे भाग इथेच खाली पडलेत, तेवढा दुरुस्त करून दे आणि मग चिप ने. पहिल्या वेळी मी त्यांच्याशी नीट बोललोही नव्हतो. घड्याळ डोक्यावर होतं. चिप उपसली आणि निघालो. आपण काय करून आलो हे मला हॉस्टेलवरच्या मित्रानं दोन दिवसांनी सांगितलं. त्या रात्री मी जुनी सेव्ह, म्हणजे आधी साठवलेला खेळ, उघडून परत गेलो, गटारात उतरलो, भाग शोधले, पंप चालू केला.

आता हाच प्रसंग जादूच्या राज्यात घडवून बघा. राजाची प्रजा तहानलेली आहे, सात डोंगरांपलीकडून अमृताचा घडा आणायचाय. घडा आणला, प्रजा वाचली. घडा तिथे कशासाठी ठेवला होता, रोज त्यातून कोण पीत होतं, हे कुणी विचारत नाही. घड्याला मालक नसतो, फार तर राखणदार असतो. चिप हा मात्र यंत्राचा भाग आहे. यंत्र कुणीतरी बसवलेलं असतं आणि कुणीतरी त्याच्यावर जगत असतं. वस्तू यंत्राची झाली की तिला पत्ता लागतो.

मराठी विज्ञानकथेवर बोलताना एक कसोटी नेहमी सांगतात: कथेतलं विज्ञान काढून टाका आणि बघा, कथा उभी राहते का. राहिली, तर विज्ञान नुसतं सजावटीला होतं. मी खेळांना हीच कसोटी जरा वेगळी लावतो. विज्ञान काढल्यावर खेळाचा नियम उभा राहतो का? आपण ज्या आकड्याकडे बघत निर्णय घेतो, तो दिवस, तो इंधनाचा काटा, तो त्या जगात खरोखर कशाचा तरी आकडा आहे का?

या कसोटीला सगळ्यात पुरं उतरलेलं उदाहरण १९८६ चं आहे. 'स्टारफ्लाइट', बायनरी सिस्टिम्सनं बनवलेला. सव्वापाच इंची दोन फ्लॉपींवर २७० तारे आणि ८०० ग्रह. मी तो फार उशिरा, डॉसबॉक्स या जुने खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खेळलो. जहाज घ्यायचं, खलाशी शिकवून तयार करायचे, ग्रहांवर उतरून खनिजं खणायची. जहाज चालतं एंड्युरियम नावाच्या स्फटिकावर. तो सापडला की आनंदीआनंद, कारण इंधन संपलं की सगळं संपलं. आणि आकाशगंगेतले तारे एकामागून एक भडकताहेत, ते कशामुळे हे शोधायचंय. तीसचाळीस तास खेळल्यावर कळतं की एंड्युरियम जिवंत आहे. ज्या प्राचीन लोकांचे अवशेष आपण शोधत फिरतोय ते हेच स्फटिक. त्यांचं जगणं इतकं संथ आहे की आपण त्यांना धड दिसतही नाही, आणि त्यांनी ताऱ्यांना लावलेली आग हा त्यांचा बचाव आहे. इतके दिवस टाकीत आपण माणसं जाळत होतो.

इंधनाचा तो काटा मी शेकडो वेळा पाहिला होता. त्यानंतर बघवेना.

तुम्हाला असं कुठे झालंय? सविस्तर लिहा.

राखी_मांजर

वाखु (वाचनखूण) साठवली. सावकाश लिहिते, पण एक मुद्दा आत्ताच टाकते.

एल्फ, ड्वार्फ, खानावळीतला गूढ म्हातारा हा सगळा युरोपातल्या आज्यांच्या गोष्टींतला ऐवज आहे. तिकडच्या खेळाडूला तो ऐकून माहीत असतो, मला तो शिकावा लागला. आमच्या आजीच्या गोष्टीत वेताळ होता, हडळ होती, आटपाट नगर होतं. भविष्यकाळ मात्र अजून कुणाच्याच आजीनं पाहिलेला नाही. अवकाशस्थानकावर सगळेच पाहुणे म्हणून उतरतात, आणि मला तिथे पहिल्या मिनिटापासून मोकळं वाटतं.

सायलीची वेल

उत्तरध्रुव, लेख आवडला, पण पटला अर्धाच.

तुम्ही विज्ञानकथेतले उत्तम प्रसंग घेतलेत आणि जादूच्या खेळांतले ढोबळ. चांगल्या अद्भुतातही जादूची किंमत मोजावी लागते. आणि नाव विज्ञानाचं पण आत मंत्रतंत्रच, असे खेळ किती तरी आहेत. 'मास इफेक्ट'मधले बायोटिक्स घ्या. हात हलवला की समोरचा हवेत उडतो. कारण म्हणून एलिमेंट झीरो नावाचं एक द्रव्य दिलंय. मंत्राला रसायनाचं नाव दिल्यानं तो विज्ञान होतो का?

दुसरी अडचण माझ्या दृष्टीनं जास्त मोठी आहे. आरपीजी म्हणजे हळूहळू बळकट होत जाणं. तलवारीच्या जगात ते खपून जातं, दहा वार झेलणारा वीर आपण पोथ्यांत वाचलेला असतो. बंदुकीच्या जगात तसं होत नाही. डोक्यात गोळी घातली आणि माणूस 'आठ अंक कमी झाले' म्हणत चालत आला, की माझं त्या जगातून लक्षच उडतं. 'ड्यूस एक्स'नं २००० साली यावर प्रामाणिक तोड काढली होती. कौशल्य कमी असेल तर बंदुकीचा नेम धरायलाच वेळ लागतो, हात स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं. अनेकांना ते कंटाळवाणं वाटलं, मला तेच खरं वाटलं. पण अशी तोड काढणारे थोडे.

आणि 'मास इफेक्ट'मधला तो माहितीकोश! एल्फ म्हटलं की काम भागतं. सॅलेरियन ही परग्रही जमात म्हटली की कोशातलं पान उघडावं लागतं. गोष्ट थांबवून माहिती वाचायला लावणं ही मला लेखकाची हार वाटते.

डावा_रेणू

सायलीताई, कोशाच्या बाजूनं मला बोलू द्या. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो आणि त्या कोशातल्या एका नोंदीनं माझा एक अख्खा तास घडवलाय.

आपल्या शरीरातली प्रथिनं अमिनो आम्लांची असतात. या आम्लांचे रेणू दोन घडणींचे होऊ शकतात, डाव्या आणि उजव्या हातासारखे, एकमेकांचं आरशातलं रूप. पृथ्वीवरच्या सजीवांनी प्रथिनांसाठी जवळजवळ सरसकट डावी घडण वापरलीय. का, यावर अजून संशोधन चालू आहे. 'मास इफेक्ट'च्या लेखकांनी हे उचललं आणि ट्युरियन व क्वेरियन या दोन जमातींना उजव्या घडणीची प्रथिनं दिली. परिणाम असा की माणसाचं जेवण त्यांना पोसू शकत नाही आणि त्यांचं आपल्याला. जहाजावर गॅरस हा ट्युरियन आणि टाली ही क्वेरियन, हे दोघंच एका ताटात जेवू शकतात.

वर्गात हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे पंगत वेगळी, पण कुणी कुणाला कमी लेखलं म्हणून नाही." मी दोन क्षण गप्प झालो. पंगतीत वेगळं बसवण्याची जी कारणं आपल्याकडे होती ती तिला घरातून माहीत असणार. इथे तिला कारण रेणूत सापडलं आणि दोन्हीतला फरक तिचा तिनं बोलून दाखवला. अद्भुतकथेत असतं तर लेखक म्हणाला असता, या दोन जमातींचं पूर्वापार वैर आहे. का, तर आहे.

क्रोगन या जमातीचंही तसंच. ते रागीट आणि लढाऊ आहेत, पण कुणा देवानं तसं घडवलं म्हणून नव्हेत. सॅलेरियनांनी त्यांना रॅक्नाय नावाच्या शत्रूशी लढायला हाताशी धरलं, तंत्रज्ञान दिलं. युद्ध जिंकल्यावर क्रोगन वाढले, पसरले, बंड झालं. मग सॅलेरियनांनीच बनवलेला जेनोफाज त्यांच्यावर सोडण्यात आला: हजारात एखादाच गर्भ जगेल असा जनुकीय बदल. दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस भेटतो, त्यावर पुढे काम केलेला शास्त्रज्ञ. तो भरभर, तुटक बोलतो आणि एका जागी स्वस्थ बसत नाही. कोशात लिहिलंय की सॅलेरियन चाळीसेक वर्षंच जगतात. ते वाचलं की त्याच्या बोलण्याची घाई वेगळी ऐकू येते. त्याच्याबरोबर टुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर गेल्यावर एका क्रोगन स्त्रीचं प्रेत दिसतं, जेनोफाजवर उपाय निघावा म्हणून तिनं स्वतःवर प्रयोग करू दिलेले असतात. मॉर्डिन तिच्यासाठी प्रार्थना म्हणतो आणि तरीही आपलं काम बरोबर होतं असा हिशेब मांडत राहतो. मी इतक्या वर्षांत त्याच्याशी वाद घालून जिंकलेलो नाही. त्याचं गणित चुकीचं नाही, म्हणूनच तो प्रसंग सोसत नाही.

बायोटिक्सबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ती जादूच आहे.

पाच_फासे

माझा खेळ 'सिटिझन स्लीपर', २०२२ चा, गॅरेथ डेमियन मार्टिन यांचा. छोटा आहे, लढाई जवळजवळ नाहीच.

तुम्ही एका माणसाच्या मनाची प्रत आहात, कंपनीच्या मालकीच्या कृत्रिम देहात भरलेली. पळून एका मोडकळीला आलेल्या अवकाशस्थानकावर येता. देह असा बनवलाय की कंपनीचं औषध मिळालं नाही तर तो झिजत जातो, म्हणजे कुणी पळून फार लांब जाऊ नये. रोज सकाळी तुम्हाला फासे मिळतात. तब्येत उत्तम असेल तर पाच. झिजत गेली की चार, तीन. एक फासा म्हणजे दिवसातलं एक काम. जहाजं तोडण्याची मजुरी, मशरूमची शेती, कुणाचं मूल सांभाळणं, काहीही.

मला एकोणिसाव्या वर्षापासून इन्सुलिन लागतं. आज हातात किती फासे आहेत हे उठल्याउठल्या कळणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. औषधासाठी पैसे, पैशासाठी काम, कामासाठी फासे, फाशांसाठी औषध. एवढाच खेळाचा नियम आहे आणि माझा दिवसही त्याच नियमानं चालतो. उत्तरध्रुव यांनी विचारलं ना, आकडा खरोखर कशाचा आहे का, तर हा आहे. बायको म्हणाली मलाही खेळायचाय. तिनं तीन दिवसांत संपवला आणि त्यानंतर सकाळी ती मला "साखर किती?" ऐवजी "आज किती फासे?" विचारते.

राखी_मांजर

पाच_फासे, हे वाचून आजच घेतला.

मांजरा_काठ

मी लातूरचा. फॉलआउटबद्दल सांगायचंय.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं. शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमाव नको म्हणून १४४ कलम लावलं होतं. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे सुरू झाली, पहिल्या फेरीला दहा डबे, पाच लाख लिटर. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. टँकर कधी रात्री एकला यायचा, कधी तीनला. कुणीतरी जागं राहायलाच लागायचं, ते काम माझ्याकडे. गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसायचो, चार्जिंग असेपर्यंत. मामेभावानं पेनड्राइव्हवर जुने खेळ दिले होते, त्यात हा होता.

खेळात कोपऱ्यात दिवस मोजला जातो. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयवर आई पाणी आलेल्या तारखेला पेनानं गोल करायची. दोन गोलांत किती दिवस, त्यावर धुणं कधी निघणार ते ठरायचं. भांडी धुतलेलं पाणी बादलीत, ती बादली संडासात. असं चाललेलं असताना तो खेळ मला म्हणतो, व्हॉल्टचं पाणी संपायला इतके दिवस राहिले.

उत्तरध्रुवदादांनी एक गोष्ट लिहिली नाही. हब नावाच्या गावात पाण्याचे व्यापारी आहेत. त्यांना दोन हजार कॅप्स (त्या जगातलं चलन) दिल्या की ते तुमच्या व्हॉल्टला पाण्याचा तांडा पाठवतात. शंभर दिवस वाढून मिळतात. मी कर्ज काढून, जुगार खेळून पैसे जमवले आणि तांडा पाठवला. टँकरच तो. केवढं हलकं वाटलं होतं! पण मूळ आवृत्तीत त्या तांड्यामुळे म्युटंटांना, म्हणजे खेळातल्या शत्रूंना, व्हॉल्टचा माग लवकर लागतो. पाणी जातं त्या वाटेवर कुणाची तरी नजर असते, हे आमच्या गल्लीतल्या पोरालाही माहीत होतं. कुठल्या नळावर टँकर भरतात, कुठल्या बोअरला अजून पाणी आहे, हे लोक मोठ्यानं बोलत नसत.

नेक्रोपोलिसला पोचलो तेव्हा मी चिपला हात लावायच्या आधी पंप शोधला. यात माझा मोठेपणा नाही. खाली खड्ड्यात रेल्वेचं पाणी येत असताना मिरजेच्या माणसांना किती कमी पडत असेल, ही चर्चा आमच्याकडे रोज जेवताना व्हायची. वडील म्हणायचे, कृष्णेचं पाणी पितोय, विसरू नका. त्यामुळे दुसऱ्याच्या यंत्रातली चिप म्हणजे काय ते मला आधीच कळलं होतं.

राखी_मांजर यांनी लिहिलं की भविष्यकाळ कुणाच्या आजीचा नाही. ताई, फॉलआउटचं भविष्य पक्कं अमेरिकन आहे. मोटारी, जाहिराती, सगळं त्यांच्या पन्नाशीच्या दशकातलं. त्यात माझं काहीच नव्हतं. पाणी तेवढं माझं होतं.

उत्तरध्रुव

मांजरा_काठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तांड्याचं मी विसरलो नव्हतो, पण मला तो खेळातला एक कप्पा वाटला होता. त्याचा टँकर मला दिसला नाही. माझ्याकडे तेव्हा नळाला पाणी होतं.

सायली, बंदुकीचा मुद्दा मी सोडून देतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कोशाचा मात्र नाही सोडत. त्याच फॉलआउटच्या शेवटाकडे बघा. मास्टर नावाचा शत्रू सगळ्या माणसांना म्युटंट करून एकच वंश घडवायला निघालाय, म्हणजे युद्धच राहणार नाही. त्याला गोळ्यांनी मारता येतं. पण ब्रदरहुड या जुनं तंत्रज्ञान जपणाऱ्या गटातल्या व्री या संशोधक बाईकडून म्युटंटाच्या शवविच्छेदनाची नोंद मिळवली असेल तर ती त्याच्यापुढे ठेवता येते: म्युटंट वांझ आहेत, तुझा वंश एका पिढीत संपणार. तो पडताळून बघतो, खरं निघतं, आणि तो स्वतःच सगळं संपवतो. आपण केलेल्याचं ओझं त्याला पेलत नाही. एखाद्या खलनायकाला अहवाल वाचून दाखवला आणि त्यानं तो मानला, असा प्रसंग तलवारीच्या जगात कसा रचणार? तिथे त्याचं मन वळेल, शाप सुटेल, अश्रू येतील. पुरावा बघून 'मी चुकलो' म्हणणारा शत्रू मला फक्त इथेच भेटलाय. कोश वाचायची सवय लागली की अशा नोंदी हातातून सुटत नाहीत.

सायलीची वेल

मास्टरचा मुद्दा दिला तुम्हाला. तो प्रसंग मीही गोळ्या न झाडता पार केला होता आणि नंतर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले होते.

तरी विचारते. 'स्टारफिल्ड' आला २०२३ मध्ये, हजारावर ग्रह. तुमच्या स्टारफ्लाइटला आठशे. सदतीस वर्षांत यंत्रं कुठल्या कुठे गेली. मग स्टारफिल्डमध्ये उतरल्यावर मला रिकामं का वाटलं आणि तुम्हाला दोन फ्लॉपींवरच्या ठिपक्यांत भरलेलं का वाटलं? दोन्हीकडे विज्ञान आहे.

उत्तरध्रुव

इंधन. स्टारफ्लाइटमध्ये प्रत्येक उतरणं खर्चाचं होतं. रिकाम्या ग्रहावर उतरलो तर पुढच्या ताऱ्यापर्यंत पोचू की नाही याची धाकधूक असायची, म्हणून रिकामेपणालाही वजन होतं. स्टारफिल्डमध्ये उडीनंतर इंधन आपोआप भरलं जातं. कुठेही जा, अडकणार नाही. बनवणाऱ्यांनी खेळाडूचा त्रास वाचावा म्हणून तसं केलं, हेतू चांगला होता. पण त्रास गेला आणि त्याबरोबर अंतरही गेलं. हजार ग्रह एका अंगणात आल्यासारखे झाले.

त्याच खेळातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. खेळ संपल्यावर परत पहिल्यापासून सुरू करणं हे त्यांनी गोष्टीतच ओवलंय. तुमचं पात्र दुसऱ्या विश्वात जातं, तिथे तीच माणसं असतात आणि ती तुम्हाला ओळखत नाहीत. जहाज, घर, सोबती, सगळं मागे सोडावं लागतं. मी त्या दारापाशी बराच वेळ थांबलो आणि परत फिरलो.

इंजिनरूम

उशिरा लिहितोय, मधे नेट नव्हतं. मी मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर, घर रत्नागिरीकडे. एकेका जहाजावर सहा-सात महिने.

तुम्ही सगळे नियम, पुरावा, इंधन यावर बोलताय. मला या खेळांतलं जहाज आवडतं, बस. 'मास इफेक्ट'ची नॉर्मंडी, 'नाईट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'चं एबन हॉक. मोहीम झाली की परत जहाजावर यायचं आणि एकेकाच्या केबिनशी जाऊन बोलायचं. कोण कुठे उभा असतो ते पाठ होतं. तलवारीच्या खेळात रात्री कुठेतरी शेकोटी पेटते आणि सकाळी विझते. इथे घरच बरोबर फिरतं, आणि त्या घराला इंजिन असतं, ते कुणीतरी चालू ठेवत असतं.

'मास इफेक्ट'च्या दुसऱ्या भागात इंजिनपाशी केन आणि गॅबी नावाचे दोन इंजिनिअर आहेत. सारखे भांडतात. त्यांचं एक काम आहे: टी सिक्स एफबीए कपलिंग आणून द्या, म्हणजे आमची देखभालीची कटकट वाचेल. लढाई नाही, खजिना नाही. दुकानातून घ्यायचं, आणून द्यायचं. ते खूश होतात आणि तुमच्याबरोबर पत्ते खेळतात. स्वयंपाकी गार्डनरही चांगलं सामान मागतो, आणून दिलं की जेवण सुधारतं. लोक म्हणतात ही भरतीची कामं. मी ती मेसरूममध्ये बसून खेळत होतो तेव्हा आमच्या प्युरिफायरचा एक सुटा भाग तीन बंदरं मागूनही आला नव्हता. दर दोन दिवसांनी उघडा, गाळ साफ करा, बंद करा, पंचेचाळीस डिग्रीत. ते कपलिंग मी सगळी मोहीम सोडून आधी आणलं. शेजारी बसलेल्या मोटरमननं विचारलं, "साब, ये क्या लाया?" मी म्हणालो, स्पेअर. तो म्हणाला, "मिल गया? चलो, इनको तो मिला."

एक तांत्रिक गोष्ट. कोशात लिहिलंय की अवकाशात जहाजाची उष्णता बाहेर टाकणं अवघड, आणि नॉर्मंडी लपून जाते तेव्हा ती उष्णता आत साठवून ठेवते, म्हणून थोडे तासच लपता येतं, नाहीतर आतली माणसं भाजतील. अगदी बरोबर. निर्वात पोकळीत उष्णता फक्त प्रारणानं जाते, वारा नाही, पाणी नाही. आमच्याकडे निदान समुद्र आहे, थंड करायला हवं तितकं पाणी. ज्यानं ते पान लिहिलं त्याला इंजिनरूम माहीत असणार असं मला वाटलं.

बंदर सुटतंय. पुढचं नेट आठ-दहा दिवसांनी.

डावा_रेणू

इंजिनरूम, हे पुढच्या वर्षी उष्णतावहनाच्या तासाला फिजिक्सच्या मॅडमना देतो. सुखरूप या.

पहिलीलेव्हल

नमस्कार, मी इथे नवीन. बारावी झाली, सुट्टी आहे. आरपीजी एकही खेळलेलो नाही. यातला आधी कुठला खेळू? लॅपटॉप जुना आहे. शेवट वाचलेत सगळे, तरी चालेल मला.

सायलीची वेल

जुना लॅपटॉप असेल तर फॉलआउटच, पहिला. सुरुवातीला उंदीर चावतील, कंटाळा येईल, सोडू नकोस. बोलण्याचं कौशल्य वाढव. आणि पात्राची बुद्धी फार कमी ठेवू नकोस, मग त्याला धड वाक्यच बोलता येत नाही आणि लोक त्याच्याशी लहान मुलासारखं वागतात. ते दुसऱ्या वेळी करून बघ, फार वाईट वाटतं.

मांजरा_काठ

आणि रिपेअर, म्हणजे दुरुस्तीचं कौशल्य, थोडं वाढव. लागेल.

पहिलीलेव्हल

सायलीताई, मांजरादादा, चौऱ्याण्णवावा दिवस. नेक्रोपोलिसला आलोय. हबमध्ये पाण्याच्या व्यापाऱ्यांपाशी बराच वेळ उभा होतो, तांडा नाही पाठवला. आता खालच्या व्हॉल्टमध्ये आहे, चिप समोर आहे. रिपेअर फारसं वाढवलं नाही, चुकलं. पंपाचे भाग कुठे असतात?

मांजरा_काठ

चिपला हात लावू नकोस अजून. मागे फिर आणि गटारात जा. तिथले घूल अंगावर येत नाहीत, आधी त्यांच्याशी बोल, ते सांगतील. त्यांच्याकडे पुस्तकंही मिळतात, ती वाच, रिपेअर वाढेल. वेळ आहे तुझ्याकडे, छप्पन दिवस.